घरचंच तर आहे!

दसरा झाला की आमच्या घरात भाजणीचा वास सुटतो आणि पाठोपाठ पुण्याहून नणंदबाईंचा फोन येतो. ‘‘वहिनी, यंदाही तीन किलो चकल्या हं! आणि जरा खुसखुशीत कर, मागच्या लवकर मऊ पडल्या.’’ वर्षानुवर्षं मी ‘‘हो ताई’’ म्हणत आले. डबा भरायचा, सुतळीनं बांधायचा, पुण्याला कुणी निघालं की त्यांच्या हाती द्यायचा. पैशांचा विषय कधी निघाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मी तर नाहीच नाही. घरचंच तर आहे!

आता गंमत अशी, की चकल्या करणं हा माझा व्यवसाय आहे. आम्ही कराडचे. गेली बारा-तेरा वर्षं मी दिवाळीच्या ऑर्डरी घेते. सुरुवात शेजारच्या दोन घरांपासून झाली, मग बँकेतल्या बायका, शाळेतल्या शिक्षिका असं वाढत गेलं. सासूबाई सोऱ्या फिरवतात, मी तळते. पंधरा-वीस दिवस घरभर तेलाचा वास, कंबरेचा काटा ढिला... आणि लक्ष्मीपूजनाला हातात पैसे आले की एखादी साडी नाहीतर मिक्सर. मी खूश!

२०२३ सालच्या दिवाळीत माझ्या या खुशीला सुरुंग लागला. लावला माझ्याच लेकीनं. ती तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पाडव्याच्या दुपारी वही घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘आई, यंदा किती कमावलेस?’’

मी ऐटीत सांगितलं, ‘‘चाळीस किलो विकल्या, तीनशे रुपये दरानं. बारा हजार!’’

‘‘ही झाली विक्री. कमाई किती?’’

मग तिनं खोदून खोदून विचारलं. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने-जिरे, गिरणीचं दळण, तेल, तीळ, ओवा, लोणी, गॅस, पिशव्या. किलोमागे साधारण १८० रुपये निघाले. पण केल्या होत्या एकूण पंचेचाळीस किलो. पाच किलो नणंद, मावससासू आणि ‘घरचेच’ म्हणून असलेल्या मंडळींकडे फुकट गेल्या होत्या. म्हणजे खर्च ८१०० रुपये. हातात उरले ३९००. डाळी धुऊन वाळवण्यापासून पिशवी बंद करण्यापर्यंत आम्हा दोघींचे मिळून किलोला दोन तास जातात. पंचेचाळीस किलोचे नव्वद तास. ३९०० भागिले ९०.

‘‘आई, तासाला ४३ रुपये!’’

मी गप्प झाले. तेवढ्यात तिनं सहज विचारलं, ‘‘आणि यातले आजीला किती दिलेस?’’

खरं सांगू? तो प्रश्न मला त्या दिवसापर्यंत एकदाही पडला नव्हता. सासूबाईंचं वय तेव्हा ७३. सोऱ्या दाबून दाबून रात्री मनगटाला तेल चोळत बसायच्या. ‘आईंचा वेळ बरा जातो’, असं मी चारचौघीत सांगायचे. नणंद माझे पैसे देत नाही म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसत होते आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या शेजारच्या पाटावर बसलेल्या बाईचे पैसे मी दिले नव्हते!

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी या ‘घरचंच’ शब्दाकडे जरा निरखून पाहायला लागले. आमच्या ह्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. माझा सख्खा भाऊ तिथून पंखा घेऊन गेला, तर ह्यांनी थोडं कमी करून का होईना, पण रीतसर बिल फाडलं. भावाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. दुकान म्हटलं की पैसे आलेच! मग तोच न्याय चकलीला का नाही? दुकानाला शटर आहे, पाटी आहे, गल्ला आहे. माझं दुकान मात्र ओट्यावर. ओट्यावर जे होतं ते प्रेमानं, हौसेनं, फावल्या वेळात, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. त्या ‘सगळ्यां’त आपणही असतो बरं का!

फावला वेळ तरी कुठला हो? केंद्र सरकार लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी करतं. २०२४ च्या पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, असं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. जवळपास पाच तास घरकामात घालवून मग आपण ऑर्डरी घेतो, ब्लाउज शिवतो, शिकवण्या घेतो. आणि त्यालाही ‘फावला वेळ’ म्हणतो.

कुणी म्हणेल, आपल्या माणसांत काय हिशेब करायचा? हिशेबानं नाती तुटतात. मला हे पटत नाही. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. त्या सगळ्या एकमेकींच्या शेजारणीच होत्या. पण लाटणाऱ्या प्रत्येकीला तिच्या कामाची मजुरी मिळालीच पाहिजे आणि नफ्या-तोट्यातही तिचा वाटा असला पाहिजे, ही रीत त्यांनी पाळली. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गिरणगावात कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेही त्यांना सावकारीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. त्या बायका करत काय होत्या? पोळी-भाजीच! पण पोळी-भाजीला धंदा म्हटल्याशिवाय बँक दारात उभी करत नाही, हे प्रेमाताईंना कळलं होतं.

तर २०२४ च्या दिवाळीआधी मी ठरवलं. तेल महागलं होतं, खर्च किलोला १९० वर गेला होता. दर ठेवला ४२०. गिऱ्हाइकांना सांगणं सोपं गेलं. दोघी-तिघी ‘बघून सांगते’ म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत, ते सोसलं. अवघड होता तो पुण्याचा फोन. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘तीन किलोनं काय होतंय? उगीच वाईटपणा.’’ मी म्हटलं, ‘‘पंख्याचं बिल आठवा.’’ मग काही बोलले नाहीत.

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून मेसेज लिहिला. चार वेळा पुसला. शेवटी पाठवला, ‘ताई, यंदा चकलीचा दर किलोला ४२० रुपये आहे. तुमच्यासाठी तीन किलो धरू का? पैसे डबा मिळाल्यावर दिलेत तरी चालेल.’ निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर नाही. दोन दिवस माझा घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

‘‘वहिनी, मेसेज काय करतेस गं? मी काय परकी आहे?’’

मी चाचरत म्हटलं, ‘‘ताई, तोंडानं सांगायला जीभच रेटेना.’’

‘‘इतकी वर्षं का नाही बोललीस? मी दर वेळी विचारायचे, फार त्रास तर नाही ना होत. तूच म्हणायचीस, छे हो ताई, सहज होतं. मला वाटायचं, तुला हौस आहे.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या खरंच विचारायच्या आणि मी खरंच तसं म्हणायचे! आपण ‘सहज होतं’ म्हणतो तेव्हा समोरच्यानं आपली दमछाक ओळखावी अशी अपेक्षा असते. आणि तिनं ती ओळखली नाही की आपण वर्षभर रुसून बसतो. समोरची बाई काही मनकवडी नाही. संध्याकाळी मोबाइलवर १२६० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला.

सगळं छान झालं असं मात्र नाही. त्या भाऊबीजेला ताई जरा तुटकच वागल्या. मी पाव किलोचा डबा भेट म्हणून दिला, तो त्यांनी न बोलता पिशवीत टाकला. मला लागलं. पण मनात कुढत तीन किलोचा डबा भरण्यापेक्षा हे बरं, असं आजही वाटतं. २०२५ ला त्यांनी पाच किलोची ऑर्डर दिली. त्यातल्या दोन किलो शेजारणीसाठी. दर त्यांनी आधी स्वतःच विचारला.

आता सासूबाईंचं सांगते. २०२४ ला छत्तीस किलो विकल्या. घरच्यांसाठी केल्या त्याचा खर्च वेगळा धरून ८२८० रुपये उरले. पाडव्याला निम्मे, म्हणजे ४१४० रुपये, पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवले.

‘‘हे कशाला? घरचंच तर आहे,’’ त्या म्हणाल्या.

माझेच शब्द! मला पुढं काही सुचेना. लेक म्हणाली, ‘‘आजी, मोजून घे.’’ त्यांनी चष्मा लावला आणि दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाल्या, ‘‘गल्लीतल्या भिशीत माझं नाव घालतेस का? महिन्याला तीनशेच आहेत. इतकी वर्षं मुलाकडे मागायला नको वाटायचं.’’

इतकी वर्षं! आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसत होते.

आता त्या भागीदारासारख्या बोलतात. घाणा मोठा घातला की रागावतात, मनगट दुखलं की ‘आजचं बास’ म्हणून उठतात. तेलाचा भाव पेपरात वाचून ‘दर वाढव गं’ असंही सांगतात. मला त्याची थोडी सवय करून घ्यावी लागली, ते वेगळं!

भेट भेट म्हणून जरूर द्यावी, भरभरून द्यावी. पण ऑर्डर असेल तर दर आधी, स्पष्ट आणि हसतमुखानं सांगावा. तुम्ही शिवत असाल, शिकवण्या घेत असाल, पोळ्या लाटून देत असाल, तर आज रात्री एक वही घ्या. सामान, गॅस आणि तास लिहा. भागाकार करा. आणि वही मिटण्याआधी एक ओळ आणखी लिहा. तुमच्या शेजारच्या पाटावर कोण बसलंय, आणि तिला किती दिलेत?