भट्टीला जाण्याआधीची बैठक

वावर-वांगणी हे जोडनाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२-९३ साली, आणि फार वाईट कारणाने. जव्हार तालुक्यातल्या या पाड्यांवर तेव्हा शंभरावर बालकं कुपोषणाने आणि आजारांनी दगावली. सरकार हललं, अधिकाऱ्यांच्या गाड्या आल्या, मुंबईचे बातमीदार आले. १९९५ साली नवसंजीवनी योजना सुरू झाली. पावसाने वाट बंद होण्याआधी धान्य पोचवायचं, औषधं साठवायची, पिण्याचं पाणी शुद्ध करायचं, हाताला काम द्यायचं, अशी ती योजना. या सगळ्याची गरज होतीच. पण पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याला त्यात एकच काम आलं, दिलेलं पदरात घेण्याचं. काय द्यावं, कुठे द्यावं, आधी काय आणि मग काय, हे ठरवायला त्याला कुणी जवळ बसवून घेतलं नाही.

आज कायदाच त्याला बसा म्हणतो. १९९६ च्या पेसा कायद्याने गावाची व्याख्या बदलली. आपले व्यवहार आपल्या रूढी-परंपरेने चालवणारा एखादा पाडाही आता गाव ठरू शकतो. महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ मध्ये आले. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केला की तो प्रांताकडे जातो आणि त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा उभी राहण्याची वाट मोकळी होते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं आहे. त्याच सुमारास 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा सुरू झाला. वित्त आयोगाचा पैसा खर्च होतो तो याच आराखड्यात लिहिलेल्या कामांवर. जे काम आराखड्यात नाही, त्याला पैसा नाही.

म्हणून वावर-वांगणीतल्या आणि साऱ्या जव्हार-मोखाड्यातल्या रहिवाशांना हे जाहीर आवाहन आहे. या वर्षीचा आराखडा पाड्यावर बसून, सगळ्यांनी मिळून करावा. आणि तो दिवाळीआधी करावा.

दिवाळीआधीच का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कागदावरचं वर्ष आणि पाड्यावरचं वर्ष यांची गाठ पडत नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे. आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढे तीनेक महिने चालते. इकडे नागली, वरई, भात घरात येतं, दिवाळी होते, आणि ज्यांनी भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते ती घरं निघतात. चूल, हंडे, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं टेम्पोत घालून भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर. आराखड्याच्या बैठका भरात येतात तेव्हा पाड्यावर म्हातारीकोतारी आणि काही मुलं उरलेली असतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ज्यांच्यासाठी रोजगार हमीची कामं मंजूर व्हायची, ते त्या दिवशी विटा थापत असतात. ते परततात शिमग्याला किंवा पावसाच्या तोंडावर. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं, आणि काम न मिळाल्याने पुढच्या दिवाळीला पुन्हा टेम्पो.

यात कुणा एका ग्रामसेवकाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. वेळापत्रक सगळ्या राज्यासाठी एकच निघतं, आणि जिथली निम्मी वस्ती चार-सहा महिने गावाबाहेर असते अशा मुलखाचा विचार त्यात नसतो. ही सुधारणा वरून व्हायला हवी आणि तशी मागणी लावून धरायलाही हवी. मात्र ती होईपर्यंत थांबायचं कारण नाही. गणपतीनंतर आवणीची धावपळ संपलेली असते आणि कापणी अजून अंगावर आलेली नसते. त्या दिवसांत माणसं संध्याकाळी घरी असतात. पाड्याची बैठक तेव्हाच बसवावी, रात्रीच्या जेवणानंतर, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जाताना पाड्याने आपली यादी लिहून, सह्या-अंगठे घेऊन न्यावी.

यादी बोलण्यातून निघत नाही, हाही अनुभव आहे. बैठकीत विचारलं, काय हवं, तर पहिलं उत्तर येतं रस्ता, दुसरं समाजमंदिर, आणि मग सगळे गप्प. बोलणारे चारच, तेही पुढे बसलेले पुरुष. म्हणून आधी नकाशा काढावा. कागद नको, जमिनीवरच. राखेची रेघ म्हणजे वाट, तांदळाच्या पिठाची नदी, खडे म्हणजे घरं, सागाचं पान ठेवलं की तिथे जंगल. वारल्यांच्या लग्नात चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या हाताला पिठाची रेघ नवी नाही. त्यांच्या हाती पीठ दिलं की त्या आधी पाणी दाखवतात. हा झरा, फेब्रुवारीपर्यंत पुरतो. ही विहीर, एप्रिलमध्ये तळ दिसतो. हा नदीतला डवरा, मे महिन्यात रात्री जाऊन बसावं लागतं, वाटी-वाटीने हंडा भरतो. शासनाच्या कागदावर पाड्यात 'एक विहीर' असते. ती कोणत्या महिन्यापर्यंतची, हे फक्त जमिनीवरच्या या नकाशात येतं. तिथे एखादी म्हातारी पुढे होऊन खडा उचलते आणि म्हणते, विहीर इथे खणली म्हणून आटते, पाणी वर त्या उंबराखाली आहे. ती बाई सरकारी बैठकीत तोंड उघडणार नाही. पिठाच्या रेघेपाशी मात्र तिला परवानगी मागावी लागत नाही.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरात होते. ती खरोखर घ्यावी, आणि आशाताई व अंगणवाडीताईंनी तिचं पुढारपण करावं. कोणत्या घरात अडलेली बाई दवाखान्यापर्यंत कशी पोचली, हे त्यांना पाठ असतं. मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीची गोष्ट ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यभर गाजली. रस्ता नव्हता. दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या बाईला झोळीत घालून भर पावसात चालत न्यावं लागलं आणि तिची जुळी बाळं गेली. अशा पाड्याच्या आराखड्यात रस्ता हवाच. पण रस्ता होईपर्यंतच्या पावसाळ्यांत काय करायचं, दिवस भरत आलेल्या बाईने आधीच कुठे जाऊन राहायचं, तिच्याबरोबर कोण राहणार आणि मागे घर कोण बघणार, हेही आराखड्यातच लिहायला हवं. ते अभियंत्याला सुचणार नाही. ते बायकाच लिहितील.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट मोठ्याने बोलायला हवी. जव्हार-मोखाड्यात पाऊस कमी पडत नाही, धो धो पडतो, आणि डोंगरउतारावरून वाहून जातो. मोखाड्याच्या कोचाळे गावाजवळ वैतरणेवर मुंबई महापालिकेने १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण बांधलं. तिथून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरच्या मागणीचा अर्ज दरवर्षी होतो, आणि तो करावाच लागतो. पण दहा वर्षांचा विचार करणाऱ्या पाड्याने त्याच्या शेजारी झऱ्याभोवतीची झाडं राखणं, उतारावर चर आणि दगडी बांध, नाल्यावर वनराई बंधारे, आटणाऱ्या विहिरीची जागा बदलणं ही कामंही लिहावीत. यातली बरीच कामं रोजगार हमीत बसतात. म्हणजे पाणी थांबतं आणि माणूसही थांबतो.

आता जव्हार शहराकडे वळावं. मुकणे राजघराण्याची ही राजधानी, १९१८ पासून नगरपरिषद असलेलं गाव. शहराचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो आणि साधारण वीस वर्षांसाठी असतो. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी बहुधा ३० दिवस मिळतात आणि मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. हरकत घ्यायला त्या शहराचा रहिवासी किंवा घरमालक असावं लागत नाही. कुणीही व्यक्ती लेखी सूचना देऊ शकते. म्हणजे वावरची बाई जव्हारच्या आराखड्यावर हरकत घेऊ शकते, आणि तिने ती घ्यावी. कारण जव्हार फक्त नगरपरिषदेच्या हद्दीत झोपणाऱ्यांचं नाही. पतंगशाह कुटीर रुग्णालयात पाड्यावरची माणसं येतात, त्यांचे नातेवाईक रात्री व्हरांड्यात अंथरतात. आठवडी बाजारात रानभाज्या, मध, टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांना सावली नाही, पाणी नाही, मुतारी नाही. शेवटची एसटी चुकली की आश्रमशाळेच्या कामाला आलेल्या बापाला रात्र काढायला जागा नाही. शहराच्या नकाशावर यांच्यासाठी आरक्षण पडायचं असेल तर ते मागणारा कागद आत गेला पाहिजे.

आणि जव्हारकरांनीही शेजारधर्म म्हणून हे काम अंगावर घ्यावं. शहरात शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त कारकून आहेत, महाविद्यालयात शिकणारी पाड्यांवरचीच मुलं आहेत. नकाशा वाचून दाखवणं, आरक्षण म्हणजे काय ते वारलीत, कोकण्यांच्या बोलीत समजावणं, अर्ज लिहून देणं, एवढं त्यांना सहज जमेल. या भागाला संघटनेची ओळख नवी नाही. कष्टकरी संघटना १९७८ पासून इथे लढते आहे, आणि वयम् चळवळीने ग्रामसभा, वनहक्क आणि पेसा यांचे कायदे पाड्यांवरच्या माणसांना शिकवले आहेत. विचारायला माणसं आहेत.

लोकांच्या हरकतींनी आराखडे बदलतात का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. बदलतात. गोव्यात २००६ साली 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला. हिरवे डोंगर आणि शेतं त्यात बांधकामासाठी मोकळी केली आहेत, हे लोकांनी नकाशे पसरून पाहिलं तेव्हा गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. पुढचा आराखडा करताना चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृतिदलाने गावोगावच्या पंचायतींकडे नकाशे पाठवून त्यांचं म्हणणं मागवलं. मुंबईचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला, आणि दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावा लागला.

गोवा आणि मुंबई ही शिकलेल्यांची ठिकाणं, असं कुणी म्हणेल. त्याने गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहावं. तिथल्या गोंड गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हटलं आणि तसं वागून दाखवलं. अभ्यासगट करून आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, बहुमताने कुणाला गप्प करायचं नाही, ही त्यांची रीत. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकारही त्यांनी वापरला. त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव नुसतं बसत होतं, बोलत होतं, लिहून ठेवत होतं.

लिहून ठेवणं महत्त्वाचं. पाड्याने एक वही घालावी. तिच्यात पहिल्या पानावर पिठाच्या नकाशाची नक्कल, कुणा शाळकरी पोराने काढलेली चालेल. पुढे कामांची यादी, प्रत्येकापुढे ते कोणत्या साली व्हायला हवं ते. मग एक वेगळं पान, भट्टीला जाणाऱ्या घरांचं. कोण, कुठे, कोणत्या महिन्यात, किती माणसं, बरोबर किती मुलं, आणि गावात काम मिळालं तर कोणकोण थांबेल. हे पान ग्रामसभेत वाचून दाखवावं आणि तेवढ्या हातांना पुरेल एवढं काम दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात सुरू व्हावं, असा ठराव मागावा.

जे जाणारच आहेत त्यांनी निघण्याआधी आपला फोन नंबर वहीत लिहून जावं, आणि भट्टीवर असताना ग्रामसभा लागली तर पाड्यावरच्या कुणीतरी त्यांना फोन लावावा. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, एक पंचायत समितीत, शहराविषयीची सूचना नगरपरिषदेत. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्यावी आणि ती वहीत चिकटवावी. शिमग्याला माणसं परतली की ती वही पुन्हा त्याच ओट्यावर उघडायची आहे.