प्रणाली फुकट, मदतनीस कुठे?

'विंडोज १०' या संगणकप्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. 'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ही अट पुरी न करणारे संगणक चालू असले, तरी त्यांच्या सुरक्षिततेची हमी संपली. मोठ्या शहरांतील कंपन्यांनी यंत्रे बदलली. पण इंदापूर तालुक्यातील सणसरसारख्या, उसावर आणि लगतच्या भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यावर ज्यांचे अर्थकारण फिरते अशा गावांत संगणक चालेल तोवर चालवला जातो. शाळा, पतसंस्था किंवा झेरॉक्सचे दुकान, कुणालाही केवळ एका चिपसाठी नवे यंत्र घेणे परवडणारे नाही.

लिनक्स आणि लिबरऑफिस यांसारख्या मुक्त स्रोत आज्ञावलींचा पर्याय येथे पुढे येतो. परवान्याचे पैसे नाहीत आणि जुन्या यंत्रावरही त्या चालतात. लिबरऑफिस, फायरफॉक्स मराठीतही उपलब्ध आहेत. हे मराठीकरण बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या श्रमातून झाले. मग अडते कुठे? अडते ते पहिल्या अडचणीपाशी. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल निदान दुकानदाराला जाब विचारता येतो. मुक्त स्रोतात विचारायचे ते आपल्यासारख्याच दुसऱ्या वापरकर्त्याला, आणि त्याने उत्तर द्यायचे ते स्वखुशीने.

ही मदत म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावरून कळेल. संस्थेच्या जुन्या ठरावाची, श्रीलिपीसारख्या पद्धतीत टंकलेली फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडली, असा समज होऊन लिनक्सला बोल लावला जातो. वास्तविक जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की मूळचे रोमन संकेत उघडे पडतात. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला की काम भागते. त्याहून फसवा प्रकार 'शेतकऱ्यांची' या शब्दाचा. यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला, तर तो सापडेलच असे नाही. ऊसपट्ट्यातील बहुतेक कागदांवर येणारा हा शब्द! अशा प्रश्नांची उत्तरे इंग्रजी मदतपुस्तिकेत शोधून हाती फारसे लागत नाही. ती लागतात ज्याने स्वतः मराठीत टंकताना ठेच खाल्ली आहे, अशा माणसाकडे.

महाराष्ट्रात अशी माणसे पुण्या-मुंबईत आहेत. गावोगावी ती तयार झाली नाहीत. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखोंना संगणक शिकवला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्याचा भर मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर राहिला. शेजारी जे शिकला, तेच तो शेजाऱ्याला सांगणार. केरळने शाळांमध्ये मुक्त प्रणाली आणली ती शिक्षकांच्या प्रशिक्षणासह, आणि २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थी-मंडळेही काढली. शाळेतील यंत्रांकडे लक्ष देणारी मुले तेथे शाळेतच मिळू लागली. नुसत्या सीडी वाटून हे झाले नसते.

आपल्याकडे मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प या दिशेने जातो. सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पाठाच्या कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला गाडी अडली, हे नोंदवून प्रश्न विचारण्याची सोय त्यात आहे. दिसायला साधी, पण ज्याने 'चालत नाही' एवढ्याच शब्दांतील तक्रारींना उत्तरे दिली असतील, त्याला तिचे मोल कळेल.

उत्तर देणाऱ्याचाही विचार करायला हवा. तो नोकरी सांभाळून रात्री बसतो. त्याच त्या प्रश्नाला विसाव्यांदा उत्तर देतो. वर उशीर झाल्याबद्दल बोलणीही खातो. या ताणाचा गैरफायदा किती दूरवर जातो, ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. 'एक्सझेड' या लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत कुणी तरी चोरदरवाजा बसवला होता. तिचा सांभाळ करणारा एकटा स्वयंसेवक थकलेला होता. 'काम संथ चालले आहे', असा तगादा त्याच्यामागे लावण्यात आला आणि मदतीला धावून आलेल्या एका टोपणनावाच्या गृहस्थाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून घात केला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इन अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचा संशय आला, म्हणून अनर्थ टळला.

आता कृत्रिम प्रज्ञा उत्तरे देते, मग माणसाची गरज काय, असे विचारले जाते. परंतु ही उत्तरे ज्या साठ्यावर पोसली, तो साठा स्वयंसेवकांनीच लिहिला आहे, आणि त्यातील मराठीचा वाटा तुटपुंजा आहे.

सणसरला निःस्वार्थ मदत ही काही नवी गोष्ट नाही. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तेथे पडतो. अनोळखी वारकऱ्याला पाणी आणि भाकरी देताना त्याचा गाव कुणी विचारत नाही. मात्र भाकरी प्रत्येक घरी भाजता येते. लिनक्सची अडचण सोडवणारा मात्र गावात निदान एक तरी असावा लागतो. इंदापूर-बारामतीच्या महाविद्यालयांतील संगणकाचे विद्यार्थी ते काम करू शकतात. अट एवढीच, की त्या तासांना अभ्यासक्रमात गुण मिळावेत आणि एकाच मुलावर सारा भार पडू नये. संस्थांना पैसे मोजून 'विंडोज १०'ची सुरक्षा घेण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहे.