नऊ तोळ्यांची सुरी

डिसेंबरच्या सुट्टीत भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहायचं ठरलं. घरात पहिली यादी झाली खाण्याची, आणि लगेच वाद झाला तो चाकूचा. आमच्या थोरल्याला चाकू हवा होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मित्रांबरोबर गड-किल्ले चढतो, आणि त्याचं म्हणणं असं की रानात जाणाऱ्या माणसाकडे चाकू पाहिजेच. मोबाईलवर त्याने जो दाखवला तो काळा कुळकुळीत, पाठीवर करवतीचे दात, मुठीत होकायंत्र आणि पातं जवळजवळ वीतभर. अम्मींनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "याने तू कांदा चिरणार की पिक्चर काढणार?" सगळे हसले. मग अम्मीच हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आपल्या पोराच्या पिशवीत हे सापडलं, तर कांद्याचं नाव कोण ऐकून घेणार आहे?"

यावर कोणी काही बोललं नाही. वाचकांपैकी अनेकांच्या घरात हे वाक्य कोणी ना कोणी बोललं असेल.

पण पोराचंही अगदीच खोटं नव्हतं. मागच्या वर्षी आम्ही घरातली पातळ सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली होती. तंबूची दोरी कापताना तिचं पातं मुठीतून निखळलं आणि कोंबडी शेवटी हाताने फाडावी लागली. तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला. सुरी घ्यायची, पण स्वयंपाकाची घ्यायची. लहान, हलकी, आणि समोर बसून घडवून घेतलेली. न्यायच्या आधी घरी आठवडाभर वापरून पाहायची. टिकली तर न्यायची.

केडगावच्या बाह्यवळण रस्त्याकडेला, नेप्तीच्या कांदा मार्केटकडे जाताना, घिसाडी लोकांची दोन-तीन पालं दरवर्षी पडतात. ऊसतोडीला जाणारी मंडळी त्यांच्याकडून कोयते करून घेतात, शेतकरी खुरपी आणि विळे शेवटवून नेतात. माल असतो ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यांचा. हे पोलाद स्प्रिंगचं असल्यामुळे चिवट असतं. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, म्हणून ते तापवून विझवलं की कडक होतं आणि धार धरतं. साध्या लोखंडी पट्टीला तुम्ही कितीही घासा, ती अशी धार धरत नाही.

भात्यापाशी म्हातारा बसला होता आणि घण मारत होती त्याची सून. घिसाड्यांत घण बहुतेक वेळा बाईच्याच हातात असतो. आमची धाकटी हे बघून तिथेच उभी राहिली. आम्ही म्हटलं, हलकी सुरी पाहिजे. म्हातारा म्हणाला, "हलकी? लोकं म्हणत्यात वजनदार द्या." त्याच्याकडे कोयता किलोच्या हिशेबाने विकला जातो, तेव्हा वजन कमी करायला सांगणारं गिऱ्हाईक त्याला वेडंच वाटलं असणार. सुनेला मात्र लगेच उमगलं. "भाभींना पिशवीत टाकून न्यायची आसंल," ती म्हणाली आणि पाटा पुन्हा भट्टीत सरकवला.

हलकी सुरी करणं म्हणजे फक्त छोटी करणं नव्हे, हे तिथे बसल्यावर कळलं. पहिली सुरी आम्ही घरी आणून काट्यावर ठेवली तर भरली १७२ ग्रॅम. पातं साडेचार इंचच होतं, पण जाडी चार मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्यांनी पातं आणखी ठोकून अडीच मिलिमीटरवर आणलं. मुठीतली पट्टी मात्र आम्ही आखूड करू दिली नाही. पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेली असली तरच पातं निखळत नाही. त्याऐवजी तिला शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन भोकं पाडून घेतली. लाकडाखाली ती दिसत नाहीत आणि वजन उतरतं. दोन्ही बाजूंना बाभळीच्या लाकडाच्या पट्ट्या, तीन पितळी रिव्हेट. आता काटा दाखवत होता १०५ ग्रॅम. अम्मींनी जुन्या तोळ्याच्या हिशेबाने सांगितलं, "नऊ तोळे. एवढं सोनं असतं तर..." किंमत साडेतीनशे रुपये, भोकांचे वीस वेगळे.

पाणी देण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सुरीचा जीव त्यातच असतो. तापलेलं पातं योग्य वेळी विझवलं नाही तर ते मऊ राहतं. फार कडक विझवून तसंच ठेवलं तर काचेसारखं तुटतं. म्हातारा रंगावर ओळखत होता. आमच्या थोरल्याने कुठेतरी वाचलं होतं की पोलाद विझवण्याइतकं तापलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याने खिशातला चुंबक तारेला बांधून पात्याजवळ नेला. खरंच चिकटला नाही. म्हातारा म्हणाला, "ह्ये मला डोळ्यानं दिसतंय, तुला लोहचुंबक लागतंय." मग त्याने फक्त धारेकडची बाजू तेलात बुडवली, पाठ वर ठेवली. त्यामुळे धार कडक आणि पाठ चिवट राहते. शेवटी पातं निखाऱ्यांच्या कडेला धरून पिवळसर रंग चढेपर्यंत पुन्हा किंचित तापवलं. या दुसऱ्या तापवण्याला कंटाळा करणारे कारागीर असतात. तुम्ही घडवून घेत असाल तर ते आठवणीने मागा. घरी आल्यावर आम्ही धारेवर बारीक कानस फिरवली. ती खरवडून न निघता घसरत गेली. म्हणजे पाणी चढलं होतं.

जुन्या पाट्याचा एक धोका आहे. लाखो किलोमीटर धावलेल्या ट्रकच्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. सुरी हवेत सैल धरून टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर बरं, बद्द आला तर ती सुरी परत द्या.

आता घरची परीक्षा. दहा किलो कांदा चिरला (शेजारच्या साखरपुड्याचं निमित्त मिळालं), सुती दोरीचे पन्नास तुकडे केले, पुठ्ठ्याची तीन खोकी फाडली. पुठ्ठा धारेला सगळ्यात लवकर मारतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पुठ्ठ्यानंतर टोमॅटोची साल अडकायला लागली. निसण्यावर दहा-बारा वेळा ओढली की पूर्ववत. मटणाचे तुकडे, चरबी सोलणं, कोंबडीचे सांधे सोडवणं यांत तिने आमची बाजारातली स्टीलची सुरी मागे टाकली. हाडावर मात्र मारू नये. हलक्या सुरीला स्वतःचं वजन नसतं, जोर सगळा मनगटाचा; हाडासाठी सत्तूरच हवा. आणि कुर्बानीसाठी ही सुरी नव्हेच, पातं आखूड आहे. त्या सुरीची धार जनावराला त्रास कमी व्हावा म्हणून असते, ती वेगळी ठेवावी आणि बाकी कशाला वापरू नये.

एक दोष पहिल्याच दिवशी सापडला. हात तुपकट असताना बोट मुठीवरून पुढे धारेकडे घसरत होतं. धाकटीचं बोट थोडक्यात वाचलं. आम्ही मुठीच्या पुढच्या टोकाला कानशीने खाच पाडली, तर्जनी तिथे अडकते. लाकडाला घातलेलं पॉलिश घासून काढलं आणि जवसाचं तेल चोळलं, पकड सुधारली. म्यान थोरल्याने केलं. दोन पुठ्ठे, वरून सायकलची जुनी ट्यूब. तिसऱ्या दिवशी टोक पुठ्ठ्यातून बाहेर आलं. मग जाड प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा आत घातला. म्यानाचं वजन ३८ ग्रॅम.

या सगळ्यात अम्मींचा प्रश्न तसाच होता. आम्ही एका वकील स्नेह्यांना विचारून घेतलं आणि स्वतःही वाचलं. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आमची सुरी दोन्ही मापांत खूप आत बसते. पण तेवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ आहे. सणासुदीला, निवडणुकीत, एखाद्या ताणाच्या प्रसंगी जिल्हाधिकारी या कलमाखाली मनाई आदेश काढतात, आणि त्यात चाकू, काठ्या, शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. तिथे साडेचार इंच की नऊ इंच हा वाद उपयोगाचा नाही. हे आदेश वर्तमानपत्रात येतात. निघायच्या आधी पाहून घ्यावेत, आणि आदेश चालू असेल तर सुरी घरी ठेवावी. कांदा तिथल्या माणसाकडून मागून घेतलेल्या विळीवर चिरता येतो.

थोरल्याशी आम्ही हे सरळ बोललो. तो चिडला. "बाकीच्यांना कोणी विचारत नाही," म्हणाला. खोटं आहे, असं आम्ही म्हटलं नाही. एवढंच ठरवलं की सुरी कोणाच्या खिशात, कमरेला किंवा वैयक्तिक पिशवीत जाणार नाही. ती म्यानासकट, कापडात गुंडाळून, पोळपाट, झारा आणि मसाल्याच्या डब्यांच्या पिशवीत तळाशी जाईल. तिथे ती जे आहे तेच दिसते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग स्वतःच पिशवी भरायला बसला.

केडगावहून राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचायला साडेचार तास लागले. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाकाठी खासगी जमिनीत तंबू लावून देणारी स्थानिक कुटुंबं आहेत. आसपासचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. तिथे लाकूड तोडायचं नाही, वाळकीसुद्धा उचलायची नाही. जळण आम्ही तंबूवाल्याकडून विकत घेतलं.

थंडी कडाक्याची होती. मनगटाएवढी लाकडं पेटेनात. तेव्हा सुरी लाकडावर उभी धरून तिच्या पाठीवर दुसऱ्या दांडक्याने ठोकलं, आणि लाकूड चिरत गेलं. मग पातळ ढलप्या सोलल्या आणि चूल पेटली. गाठीच्या एका लाकडावर मात्र धार एका जागी वाकली. आम्हाला आनंदच झाला. वाकली म्हणजे तुटली नाही, दुसरं तापवणं नीट झालं होतं. निसण्यावर सरळ झाली. या कामाला हलकी सुरी फार ताणू नये हेही कळलं. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू जगभर कॅम्पसाठी वापरतात, त्यांची पातीही अशीच पातळ असतात आणि ते लोकही जाड लाकडाला कुऱ्हाडच वापरतात.

रात्री कोंबडी, लिंबू, कांदा सगळं तिच्यावरच झालं. सकाळी उठून बघतो तर लिंबाच्या जागी काळे डाग आणि दवाने गंजाचे ठिपके. सुरी कोणीतरी दगडावर उघडी ठेवली होती. कोणी ते अजून कबूल झालेलं नाही. राख आणि ओल्या फडक्याने घासून गंज गेला, काळपटपणा राहिला. या पोलादाचं असंच असतं. वापरून झाली की धुवा, लगेच पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ज्या घरात भांडी रात्रभर बेसिनमध्ये पडतात तिथे स्टीलचीच सुरी बरी.

परतताना संगमनेरच्या पुढे नाकाबंदी होती. गाडीची डिकी उघडली, हवालदाराने पिशवीत हात घातला, झारा वर काढला, मसाल्याचा डबा हुंगला आणि म्हणाला, "जा." थोरला मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होता.

सुरी आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. मागच्या आठवड्यात अम्मींनी घिसाड्याकडे स्वतःसाठी एक सांगितली. त्यांची अट एकच होती, वजनदार पाहिजे.