विष अडवा, पाणी वाहू द्या

पाणी अडविण्याची विद्या भंडारा जिल्ह्याला नवी नाही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले येथील तलाव हे त्या विद्येचे चिरंतन स्मारक होय. परंतु पाण्याला वाट मोकळी ठेवून त्यातील विष तेवढे अडविणारी भिंतही भूमीच्या पोटात घालता येते, हा विचार नवा आहे. आणि त्याची येथे गांभीर्याने दखल घेतली जावी, असे आम्हांस वाटते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे रॉबर्ट गिलहॅम व त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली बोर्डन येथे या उपायाची प्रत्यक्ष जमिनीत परीक्षा घेतली. दूषित भूजल ज्या दिशेने वाहते तिला आडवा चर खणावयाचा व त्यात लोखंडाचा कीस भरावयाचा. पाणी आपल्या गतीने त्यातून झिरपते आणि रासायनिक क्रियेने विष निष्प्रभ होते. १९९६ साली अमेरिकेतील एलिझाबेथ सिटी येथे अशी ४६ मीटर लांबीची व सुमारे ७ मीटर खोलीची भिंत घालण्यात आली. पाण्यात विरघळलेल्या घातक क्रोमियमला तिने न विरघळणारे रूप दिले. त्यासाठी ना पंप लागला, ना वीज.

तथापि हा उपाय सर्व रोगांवरील रामबाण नव्हे. विषाचा उगम व भूजलाची दिशा ठाऊक असेल तेथेच तो चालतो. वैनगंगेकाठच्या गाळाच्या जमिनीत चर खणता येईल. पण कठीण खडकात पाणी भेगाभेगांतून वाहते, तेथे भिंत कोठे घालावी हेच कळणे दुर्घट. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन साचते. त्याला तर भूमिगत भिंत हे उत्तरच नव्हे. ती घाण नागपुरातच शुद्ध झाली पाहिजे. खालच्या गावांनी ती का म्हणून सोसावी?

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने भूमिगत पाण्याचाही समावेश 'प्रवाहा'च्या व्याख्येत केला आहे. म्हणजे विहिरीच्या झऱ्यात उतरविलेले विष हे नदीत सोडलेल्या विषाइतकेच दंडनीय होय. पण भूमीखालच्या अपराधाला साक्षीदार नसतो. तो साक्षीदार म्हणजे निरीक्षण विहीर. प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या व कचऱ्याच्या आगाराच्या वरच्या व खालच्या बाजूस अशा विहिरी असाव्यात, त्यांतील पाण्याची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. जेथे उगम सिद्ध होईल व जमीन अनुकूल असेल, तेथे दोषी ठरणाऱ्याच्या खर्चाने भिंत उभी राहावी.

हा खर्च फार होईल, असे कोणी म्हणेल. लोखंडाची शक्ती कालांतराने क्षीण होते व भिंतीवर देखरेख ठेवावी लागते, हेही खरे. परंतु गावाची विहीर कायमची नासली तर तिचे मोल कोणत्या अंदाजपत्रकात मांडणार? शासनाने भिंतीची घाई करू नये. पण निरीक्षण विहिरींना मात्र एक दिवसाचाही विलंब लावू नये.