ताटाची डावी बाजू

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या समाचाराला जी मंडळी येतात त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग उपाय सांगणाऱ्यांचा. कुणी अमक्या गावच्या वैद्याचे तेल सुचवतो, कुणी कबुतराच्या रक्ताने चोळायला सांगतो, आणि तीन महिन्यांत धावू लागलेल्या एका गृहस्थांची गोष्ट तर प्रत्येकाच्या खिशात असतेच. या वर्गाचा त्रास होतो, पण तो चहाच्या कपाबरोबर संपतो. मला धास्ती वाटते ती दुसऱ्या वर्गाची. ही मंडळी काहीच सांगत नाहीत. आजारी माणूस जे बोलेल त्याला हो म्हणतात.

गेल्या वर्षी आषाढात आमच्या दादांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आणि अंगाची डावी बाजू लुळी पडली. वय ७१. छत्तीस वर्षे बँकेत काढलेली, आणि वाद घालणे हा जन्माचा छंद. क्रिकेटपासून आमटीतल्या गुळापर्यंत त्यांना कोणताही विषय चाले. इस्पितळातून ते चाकांच्या खुर्चीत घरी आले आणि घरातले वाद एकाएकी बंद पडले. निवडणुकीवरून आठ-आठ दिवस अबोला धरणारा मुलगा 'बरोबर आहे, बाबा' म्हणू लागला. वहिनींनी आमटीत त्यांना हवा तेवढा गूळ घालायला सुरुवात केली. दादा आठवडाभर प्रत्येक वाद जिंकले आणि मग बोलायचेच थांबले.

त्याच सुमारास ताटाची भानगड सुरू झाली. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. दादा उजवीकडचे सारे संपवीत आणि डावीकडचे जसेच्या तसे ठेवून हात धुवायला तांब्या मागत. वहिनींना वाटले, तोंडाची चव गेली. पण ताट नुसते फिरवून ठेवले की चटणी चाटूनपुसून संपे! मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की पुष्कळदा असे होते. डोळे शाबूत असतात, पण डावीकडचे जग माणसाच्या ध्यानातच येत नाही. दाढी अर्धीच होते. वर्तमानपत्रातली ओळ मध्यापासून वाचली जाते, आणि अर्थ लागत नाही म्हणून बिचाऱ्या संपादकाला बोल लागतो.

फिजिओथेरपीच्या बाई रोज येत. डावीकडे पाहा, पुढे झुका, सरळ व्हा, दहा वेळा. बाई मोठ्या कष्टाळू, पण दादांचा पिंड बँकेतला. दहाचा आकडा पुरा झाला की त्यांचा हिशेब बंद.

खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा झाली. पाटावर दादांचे फाउंटनपेन, वहिनींची विळी, आणि यंदा एक नवी वस्तू: नातीची फॉइल. नात नववीत आहे आणि शाळेकडून तलवारबाजी खेळते. फॉइल म्हणजे या खेळातली हलकी, लवचिक, बोथट टोकाची तलवार. पाते ९० सेंटिमीटर लांब आणि वजन अर्ध्या किलोच्या आत. दादा लहानपणी शाळेत फरीगदगा खेळलेले. त्यांनी ती हातात मागितली, दोनदा हवेत फिरवली आणि विचारले, "बसून खेळता येतं का गं हे?"

"येतं की, आजोबा," ती म्हणाली.

चाकांच्या खुर्चीतली तलवारबाजी हा एक स्वतंत्र आणि फार चपळ खेळ आहे. दोन्ही खुर्च्या लोखंडी चौकटीत घट्ट आवळून टाकतात, मधल्या दांड्याशी ११० अंशांचा कोन करून. दोघांतले अंतर आधी मोजून ठरते, आणि हातांची लांबी सारखी नसेल तर कोणाच्या मापाचे अंतर घ्यायचे हे आखूड हाताच्या खेळाडूने सांगायचे. हा नियम ज्याने केला तो माणूस सज्जन असला पाहिजे. बैठक खुर्चीवरून उचलायची नाही, मोकळ्या हाताने खुर्ची धरून ठेवायची. उभ्याने खेळणाऱ्याला बाका प्रसंग आला तर दोन पावले मागे सरता येते. इथे ती सोय नाही. जे काय करायचे ते कमरेच्या वर. पुढे झेपावायचे, मागे कलायचे, क्षणात सरळ व्हायचे. म्हणजे बाई दहा-दहा वेळा करायला सांगत होत्या तेच!

मुळात हा खेळ इस्पितळातच वाढला. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर १९३९ साली हिटलरच्या जर्मनीतून इंग्लंडात आले, आणि १९४४ साली त्यांनी स्टोक मँडव्हिल येथील इस्पितळात पाठीचा कणा दुखावलेल्या रुग्णांसाठी विभाग उघडला. त्या काळी अशा जखमी सैनिकाने बिछान्यावर पडून दिवस मोजावेत अशीच रीत होती. गुटमननी त्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जणांनी चाकांच्या खुर्चीतून धनुर्विद्येची स्पर्धा केली. पुढे याच खटाटोपातून पॅरालिंपिक उभे राहिले आणि १९६० साली रोमला तलवारबाजीही त्यात होती. गुटमन यांचे रुग्ण आणि आमचे दादा यांची तुलना ओढूनताणून करू नये, हे खरे. त्यांच्यापैकी पुष्कळांचे दोन्ही हात धड होते. अर्धांगाच्या रुग्णाचा अर्धाच देह त्याच्या हुकमात. पण रुग्णाला परिचारिकेइतकीच प्रतिस्पर्ध्याचीही गरज असते, हे त्या डॉक्टरांनी जे ओळखले ते दादांना तंतोतंत लागू पडले.

आमच्याकडे कुठली आली लोखंडी चौकट! डॉक्टरांची परवानगी मिळाली, बाईंनी होकार दिला आणि तयारी सुरू झाली. खुर्चीची पाठ भिंतीला, ब्रेक लावलेले, एका चाकाला पाटा आणि दुसऱ्याला जुन्या पंचांगांचा गठ्ठा अडवून. पाय पायटांवरून काढून जमिनीवर सपाट टेकवलेले, नाहीतर पुढे झेपावताना खुर्चीच कलंडते. डावा हात उशीवर, बोटे खुर्चीच्या हाताभोवती गुंडाळून. तलवार म्हणजे वर्तमानपत्राची सुरळी. दादांनी नाक मुरडले, तेव्हा नातीने भवानी देवीचा दाखला दिला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली उतरलेली ही आपली पहिली तलवारपटू सुरुवातीला बांबूच्या काठीवरच शिकली होती.

छताला पाळण्याची कडी होती. तिला वहिनींनी घुंगरू शिवलेला चिंध्यांचा चेंडू टांगून दिला. चेंडू जागचा हलत नसे. दादांची खुर्ची मात्र दर दोन दिवसांनी वीतभर उजवीकडे सरके, त्यामुळे चेंडू आपसूक डावीकडे जाई. आधी घुंगरू ऐकायचे, मग मान वळवायची, मग नेम धरायचा. पहिले आठ दिवस सुरळी हवेतच फिरली.

मग नात समोर खुर्ची टाकून बसली. पहिले दोन दिवस दादा जिंकले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुरळी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मी छत्तीस वर्षं खोट्या सह्या ओळखल्या आहेत." पोरीचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी तिने डावीकडून, जिथे त्यांचे लक्ष जात नव्हते नेमके तिथून, छातीवर सुरळी टेकवली. "एक-शून्य."

"हे नियमात बसतं का?"

"डावी छातीपण तुमचीच आहे, आजोबा!"

यावर त्या दुपारी जो वाद झाला तो जेवणाची पाने थंड होईपर्यंत चालला. वहिनी मधेच स्वयंपाकघरात गेल्या त्या डोळे पुसतच बाहेर आल्या, आणि कांदा चिरत होते म्हणाल्या. त्या दिवशी चतुर्थी होती. घरात कांदा नव्हता.

वर्ष झाले. डावी मूठ आजही पूर्ण उघडत नाही आणि घराबाहेर खुर्ची लागतेच. कागदाच्या सुरळीने मेंदूतली इजा भरून येत नाही. पण दादा आधाराशिवाय तासभर ताठ बसतात, दाढी दोन्ही गालांची करतात आणि ताटातली चटणी स्वतः शोधतात. बाईंचे व्यायाम अर्थातच चालू आहेत. वहिनींनी गूळ पुन्हा कमी केला आहे.

कुणा वाचकाच्या घरी असा प्रसंग असेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे भाग आहे. डॉक्टरांना विचारल्यावाचून यातले काही करू नये, आणि रक्तदाब ताब्यात नसेल त्या दिवशी सुरळीलाही हात लावू नये. झेप घेताना श्वास कोंडू नये. खुर्चीशेजारी एक धडधाकट माणूस उभा हवा. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, कारण सैल पडलेला खांदा जागचा सरकतो. हे सांगूनही पाहुणे मंडळी नेमके तोच हात धरून उठवायला जातात. आणि खरी फॉइल तोंडावर जाळीचा मुखवटा असल्याशिवाय घरात उपसायची नाही.

गुणांचा हिशेब दादा खातेवहीत ठेवतात. नात ११२, आजोबा ९७, आणि तीन गुण वादग्रस्त म्हणून वेगळ्या रकान्यात. भाऊबिजेला आमची आक्का नाशिकहून येणार आहे आणि त्या दुपारच्या सामन्यासाठी दादांनी तिला पंच नेमले आहे. नातीने लेखी हरकत घेतली आहे: जी पंच सकाळी खेळाडूकडून ओवाळणी घेणार, ती दुपारी निःपक्षपाती कशी राहणार? हरकतीवर अद्याप निर्णय झालेला नाही.