काट्यांमागचे तेल

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आजही परदेशांतून येते. इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल आपल्या कढईत तापत असताना सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानातून करडई मात्र हद्दपार होत आहे. ही विसंगती अस्वस्थ करणारी आहे.

एकेकाळी रब्बी ज्वारीच्या कडेने करडई असायचीच. तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नसत, कोवळ्या पाल्याची भाजी होई आणि गावच्या घाण्यावर घरचे तेल निघे. सोटमूळ खोल जात असल्याने केवळ जमिनीतील ओलाव्यावर हे पीक तग धरते. मग शेतकऱ्याने ते का सोडले? काढणीत हाताला रुतणारे काटे, मजुरांची टंचाई, माव्याचा उपद्रव ही कारणे खरी आहेत. परंतु फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण दिले; यंत्राने काढणीही शक्य झाली. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. २०२६-२७ च्या विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ६,५४० रुपये ठरला.

तथापि, भाव जाहीर होणे वेगळे आणि तो पदरात पडणे वेगळे. जवळ खरेदी केंद्र नसेल, तर शेतकरी हरभऱ्याकडेच वळणार. म्हणून सुगीपूर्वी खरेदीची व्यवस्था उभी राहावी, गावोगावच्या घाण्यांना भांडवल मिळावे आणि ग्राहकांनीही करडईच्या तेलाला स्वयंपाकघरात पुन्हा स्थान द्यावे. स्वावलंबनाची पेरणी घोषणांनी होत नाही. ती शेतातच करावी लागते.