जमिनीतील भागीदार

गोव्यातील जमिनीचे भाव ज्या वेगाने चढत आहेत तो पाहून, आजवर बँकेतील मुदत ठेव आणि घरातील सोने यापलीकडे गुंतवणुकीचा विचार न केलेला सामान्य गोमंतकीयही आता जमिनीकडे वळू लागला आहे. एकट्याच्या ऐपतीत प्लॉट बसत नाही. म्हणून कचेरीतील सहकारी, मेहुणे-साडू किंवा आखातातून परतलेले शाळासोबती एकत्र येतात, प्रत्येकजण आपली पुंजी पुढे ठेवतो आणि एखादे भाट घेऊन त्याचे प्लॉट पाडावेत किंवा ते बिल्डराला देऊन सदनिका पदरात पाडून घ्याव्यात, असा बेत ठरतो. यात गैर काहीच नाही. परप्रांतीय धनिकांनी येथील जमिनी घ्याव्यात आणि येथल्या माणसाने नुसते पाहत राहावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या भाबडेपणाने हा माणूस या व्यवहारात उतरतो, तो मात्र चिंता वाटावी असा आहे. कारण तो एका नव्हे, तर दोन भागीदाऱ्यांत पाऊल टाकत असतो. एक आपल्या मित्रांशी. आणि दुसरी, जिची त्याला कल्पनाही नसते, ती त्या जमिनीत आधीपासून असलेल्या भागीदारांशी.

दुसरीचा विचार आधी करू. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि तिच्यातील कौटुंबिक कायदा मुक्तीनंतरही कायम राहिला. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता उभयतांची समाईक ठरते आणि एकाच्या सहीने स्थावर मिळकत विकता येत नाही. मालक निवर्तला की मुलगे आणि मुली सारख्याच हक्काने वारस होतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे एकच नाव दिसत असले, तरी प्रत्यक्षात त्या भाटात मुंबईची आत्या, लिस्बनचा चुलतभाऊ आणि त्यांचे जोडीदार असे वीस-पंचवीस हक्कदार असू शकतात. वारसांमध्ये वाटणीबद्दल एकमत नसेल, तर इन्व्हेंटरीची कार्यवाही हाच मार्ग. २०१२ च्या वारसा व इन्व्हेंटरीविषयक कायद्यानेही तोच चालू ठेवला आहे. ही कार्यवाही न झालेली जमीन म्हणजे न मोजलेल्या भागीदारांची जमीन होय. शिवाय त्या भाटात एखादे मुंडकाराचे घर असेल, तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. कुळाच्या मालकीची झालेली शेतजमीन असेल, तर १९९१ च्या भू-वापर नियमन कायद्यानुसार ती शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरता येत नाही. उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ आणि ‘कूळ’ हे रकाने न वाचता बयाणा देणारा माणूस आपण काय विकत घेत आहोत हेच जाणत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक स्थापन करावे लागले आणि निवृत्त न्यायाधीशांचा एकसदस्यीय आयोगही नेमावा लागला. ज्यांचे मालक परदेशी आहेत किंवा निवर्तले आहेत, अशा मिळकतींवरच या टोळ्यांचा डोळा होता. अशी जमीन पुढे प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडतात आणि कोर्टाच्या पायऱ्याही त्याच्याच नशिबी येतात. मुखत्यारपत्रावर आणि विक्रीच्या करारावर मालकी येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तरीही ‘मुखत्यारपत्र आहे, काळजी नको’ या एका वाक्यावर लाखो रुपये हातोहात जातात, याला काय म्हणावे?

आता मित्रांमधील भागीदारी. समजा, पाच जणांनी प्रत्येकी बारा लाख घालून साठ लाखांचा प्लॉट घेतला. दोन वर्षांनी एकाच्या मुलीचे लग्न निघाले व त्याला पैसे हवे झाले; दुसरा अकस्मात वारला; तिसरा म्हणतो, अजून भाव चढेल, थांबू या. अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर कागदावर नसेल तर ते कायदा देतो आणि ते बहुधा कोणालाच रुचणारे नसते. नुसती एकत्र जमीन घेतल्याने माणसे भागीदार होत नाहीत, ती केवळ सहमालक ठरतात. आणि सहमालकांपैकी कोणीही एकजण वाटणीसाठी न्यायालयात जाऊ शकतो. प्लॉट पाडून विकण्याचा धंदाच आरंभला, तर १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. त्यानुसार संस्थेच्या प्रत्येक देण्यास प्रत्येक भागीदार व्यक्तिशः आणि संपूर्णपणे जबाबदार असतो. धनको बारा लाखांच्या भागीदाराकडून साठ लाख मागू शकतो. वेगळे ठरलेले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारीच संपते. संस्था नोंदविलेली नसेल, तर करारभंगासाठी तिला तिऱ्हाइतावर दावाही लावता येत नाही. उलट, इतरांनी स्पष्ट अधिकार दिल्यावाचून एकटा भागीदार संस्थेच्या वतीने स्थावर मिळकत घेऊ वा विकू शकत नाही, हे संरक्षणही त्याच कायद्यात आहे. पण ते किती जणांना ठाऊक असते?

सर्वांत घातक प्रथा म्हणजे पैसे पाचांचे आणि खरेदीखत एकाच्या नावे. नोंदणीच्या दिवशी रजा मिळाली नाही, किंवा प्राप्तिकराची कटकट नको, अशी कारणे त्यासाठी सांगितली जातात. बेनामी व्यवहारांविरुद्धचा १९८८ चा कायदा २०१६ च्या दुरुस्तीने कडक झाला असून त्यात मिळकत जप्त होण्याची व कारावासाचीही तरतूद आहे. त्याला अपवाद आहेत. परंतु आपण त्या अपवादात बसतो हे सिद्ध करीत बसण्याची पाळी स्वतःवर का आणावी?

‘झोन बदलून मिळेल’ या आश्वासनावर शेतजमीन घेणाऱ्यांनी तर इतिहास आठवावा. २०११ चा प्रादेशिक आराखडा जनआंदोलनापुढे सरकारला २००७ साली मागे घ्यावा लागला. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली जमिनींचे झोन बदलण्याचा जो सपाटा लागला होता, त्यासाठी केलेले नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. शेतकरी नसलेल्यांच्या नावे शेतजमीन करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेतच. आज नकाशावर जो रंग आहे, त्याच्याच हिशेबाने भाव द्यावा. उद्याच्या रंगाचे पैसे आज मोजणे हा जुगार आहे. त्यात हरला तर पुंजी जाते आणि जिंकला तर गावाची शेते जातात.

पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे, तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी लागते. बिल्डराला जमीन देऊन सदनिकांत वाटा घेणारा जमीनमालकही ग्राहकांपुढे संयुक्तपणे जबाबदार धरला जाऊ शकतो. ‘आम्ही फक्त जमीन दिली’ ही सबब तेथे चालत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. बयाण्याआधी स्वतःच्या वकिलाकडून, दलालाच्या नव्हे, मूळ पोर्तुगीज नोंदीपासून आजपर्यंतची मालकी तपासून घ्यावी. भागीदारीचा लेख करून तो नोंदवावा आणि त्यात वाटा, निर्णयाची पद्धत, बाहेर पडण्याची किंमत व मृत्यूनंतरची व्यवस्था स्पष्ट लिहावी. पैसा संयुक्त खात्यातूनच जावा आणि खरेदीखतावर सर्वांची नावे असावीत. सरकारचेही कर्तव्य आहे. रेंगाळलेल्या इन्व्हेंटऱ्या लवकर निकालात निघतील आणि जुन्या नोंदी सामान्य माणसाला वाचता येतील, अशी व्यवस्था झाल्याखेरीज बनवाबनवीला आळा बसणार नाही.

मित्रांत लिखापढी कसली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मैत्री टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी तर ती आधी करावी. गोव्यातील न्यायालयांत वर्षानुवर्षे चालणारे जमिनीचे दावे बहुतांशी परक्यांमधील नाहीत. ते भावाभावांतील आणि मित्रामित्रांतील आहेत.